तगादा

संशोधन आराखड्याच्या अकराव्या पानावर मी एक देखणा तक्ता केला होता. डावीकडे ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराचे सतरा विभाग, वरती मार्चपासूनचे महिने आणि मधल्या चौकटींत फुल्या. शहराचा पैसा कुठे खर्च करायचा, हे लोकांनी ठरवायच्या सहभागी अंदाजपत्रकाच्या सभांचा तो तक्ता. जिथे फुली, तिथल्या सभेला मी वही-पेन घेऊन हजर. कोण बोलतं, किती वेळ बोलतं, बायका किती, निर्णय हात वर करून होतो की चिठ्ठीने, सगळं टिपणार. शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत त्या तक्त्याचं कौतुकही झालं. मार्च २०१८ मध्ये मी तिथे पोचले, तेव्हा त्यातली एकही सभा होणार नव्हती.

हे मला विमानात बसण्याआधी ठाऊक होतं, तेवढं कबूल करून टाकते. महापौर नेल्सन मार्केझान यांच्या कारभारात २०१७ साली ठरलं, की दोन वर्षं लोकांकडून नव्या मागण्या घ्यायच्या नाहीत. तिजोरीत पैसे नाहीत, जुन्याच मागण्या रखडल्यात, मग नव्या कशाला गोळा करायच्या, असा तो हिशोब. १९८९ पासून चालत आलेल्या आणि १९९६ मध्ये इस्तंबूलच्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत नावाजल्या गेलेल्या सभा अशा थांबल्या. मी बातमी वाचली तोवर शिष्यवृत्ती मंजूर झाली होती आणि आराखडा तीन टेबलांवरून फिरून, शिक्के खाऊन परत आला होता. गाईडना फोन केला. ते सांगलीकडचे. म्हणाले, "जत्रेला गेलीस आणि जत्राच नसली, तर गुरवाशी बोल. गर्दीत तो तुला भेटला नसता."

त्याच मुलाखतीत एका सरांनी विचारलं होतं, "केरळात १९९६ पासून जनयोजना आहे. आपल्या गडचिरोलीत स्वतःचा कारभार स्वतः बघणारं मेंढा गाव आहे. तुम्हाला ब्राझीलच कशाला?" मी शहरी स्थानिक स्वराज्य संस्था, चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती वगैरे उत्तर दिलं. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात, पण तिथे अर्ज असतो आणि पोर्तो आलेग्रेत सभा असते, हा फरकही सांगितला. उत्तर चुकीचं नव्हतं. खरं कारण मात्र आमच्या गावातलं होतं.

सोलापूर जिल्ह्यातलं आमचं गाव. ग्रामसभा झाली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन दारात उभा. आई कणकेचा हात पुसायची आणि सही करायची. "कशावर सही केलीस?" विचारलं तर म्हणायची, "मी ग्रामसभेला होते म्हणून." गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला जो आकडा कमी असेल तो लागतो. तेवढी टाळकी मारुतीच्या देवळापुढे जमत नसत, म्हणून वहीच घरोघर जायची. लोक येत नाहीत हाच रोग, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. पोर्तो आलेग्रेत लोक आले होते. नव्वदीचं दशक सरताना वर्षाला वीस हजारांच्या वर माणसं, तीही झोपडवस्तीतली, दिवसभराचं काम उरकून. ती कशी आली, ते मला बघायचं होतं.

कागदपत्रांचं पुराण थोडक्यात आटपते. पदवीच्या प्रमाणपत्रांवर अपोस्टिल म्हणजे परदेशात चालणारा खरेपणाचा शिक्का, त्यांचं शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर, व्हिसा, तिथे पोचल्यावर संघीय पोलिसांकडे नोंदणी. मोबाइलचं सिमकार्ड घ्यायला सीपीएफ नावाचा करखात्याचा क्रमांक लागतो, तो आधी काढा. आपल्या आधारचा थोरला भाऊच म्हणायचा. हे सगळं होईपर्यंत मी दुसऱ्याच्या फोनवरून आईला मिसकॉल देत होते.

भाषेची गोष्ट जास्त मजेची. पुण्यात मी सहा महिने एका गोव्याच्या बाईंकडे पोर्तुगीज शिकले. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले आणि म्हणाल्या, हे तुला येतातच. चावी, साबण, बटाटा, काजू, पाव. लिलाव म्हणजे तिकडचा 'लेइलांव'. घमेलं म्हणजे 'गामेला'. आणि पगार म्हणजे 'पागार', पैसे देणं. चारशे वर्षं आपण हे शब्द स्वयंपाकघरात आणि बांधकामावर वापरतोय, तेव्हा भाषा अर्धी आलीच, अशा थाटात मी गेले. तिथे अननस मागितला तर दुकानदार गोंधळला. ब्राझीलमध्ये त्याला 'आबाकाशी' म्हणतात. शहराच्या दक्षिण टोकाला रेस्टिंगा नावाची मोठी वस्ती आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी शहराच्या मध्यातल्या झोपड्या उचलून तिथे नेल्या, 'हलवा आणि वर आणा' अशी सरकारी घोषणा देऊन. मी बसच्या ड्रायव्हरला "रेस्टिंगा, रेस्टिंगा" म्हणत राहिले. शेवटी मागच्या बाई ओरडल्या, "अगं, हेस्चिंगा म्हणतेय ती!" तिथे शब्दाच्या सुरुवातीचा र हा ह होतो. गोव्याच्या बाईंनी हे सांगितलं होतं. मी वहीत लिहिलंही होतं.

नीतिमत्ता समितीची मंजुरी यायला कित्येक आठवडे गेले. ब्राझीलमध्ये समाजशास्त्रीय संशोधनासाठी २०१६ चा वेगळा नियम आहे, त्यानुसार प्रत्येक मुलाखतीआधी संमतीपत्र वाचून दाखवायचं, दोन प्रतींवर सह्या, एक त्यांची एक आपली. मंजुरी येईपर्यंत मुलाखत घ्यायची नाही, फक्त हिंडायचं. मी हिंडले. सार्वजनिक मंडईत मासळी आणि 'माते' या तिकडच्या चहासारख्या पेयाच्या हिरव्या भुकटीचा वास एकत्र येतो. शहराला लागून असलेल्या ग्वायबा जलाशयाच्या काठावर जुन्या वीजघराच्या चिमणीजवळ लोक संध्याकाळी घडीच्या खुर्च्या आणून फक्त सूर्यास्त बघायला बसतात. पण ते वर्ष निवांत नव्हतं. १४ मार्चला रिओच्या नगरसेविका मारिएल फ्रांको यांची गोळ्या घालून हत्या झाली. एप्रिलमध्ये कामगार पक्षाचे नेते आणि तेव्हाचे माजी राष्ट्राध्यक्ष लुला तुरुंगात गेले. त्यांचं अपील जानेवारीत ज्या न्यायालयाने फेटाळलं, ते याच शहरातलं. त्यामुळे मी तोंड उघडलं, की पुढचा माणूस आधी अंदाज घ्यायचा, ही कुणाच्या बाजूची. सहभागी अंदाजपत्रक सुरू केलं कामगार पक्षाने; २००५ पासून दुसऱ्या पक्षांच्या महापौरांनी ते चालवलं. 'ओ-पे' हा त्याच्या पोर्तुगीज नावाच्या आद्याक्षरांचा दोन अक्षरी शब्द उच्चारला, की कुणाच्या कपाळावर आठी, कुणाच्या डोळ्यांत पाणी. "मी भारतातून आलेय," म्हटलं की ताण जरा सैल व्हायचा. भारतीय माणूस कुठल्याच बाजूचा नसतो, अशी तिथे एक गोड समजूत आहे.

मग गुरव भेटला. म्हणजे भेटल्या.

शहराच्या उत्तरेला सारांदी नावाचा भाग आहे, सखल, नदीकडच्या बाजूला मातीचा बांध. तिथे एक सत्तरी ओलांडलेल्या बाई राहतात. संमतीपत्रात नाव न देण्याचं वचन आहे, म्हणून त्यांना इथे नुसतं दोना म्हणते. तिथे वयाने मोठ्या बाईला तसंच म्हणतात, आपल्याकडच्या 'बाई'सारखं. आयुष्यभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. १९९० पासून सभांना जातात, तीनदा विभागाच्या प्रतिनिधी होत्या. पहिल्या भेटीत त्यांनी मला शिमारांव दिलं. भोपळ्याच्या तुंब्यात मातेची भुकटी, वर गरम पाणी आणि धातूची नळी. एकच तुंबा सगळ्यांत फिरतो. मी पिऊन तुंबा परत दिला आणि शिष्टाचार म्हणून "ओब्रिगादा" म्हणाले, म्हणजे आभारी आहे. त्यानंतर तासभर तुंबा माझ्यासमोरून जात राहिला, मला कुणी देईना. निघताना त्यांच्या नातीने सांगितलं, की इथे आभार मानले म्हणजे 'आता पुरे' असा अर्थ होतो. बाहेर कडाक्याची थंडी होती आणि मी एका तुंब्यावर बसले होते.

दुसऱ्या भेटीत संमतीपत्र वाचलं. "ध्वनिमुद्रण पाच वर्षं जपून ठेवलं जाईल आणि नंतर नष्ट केलं जाईल," या ओळीवर त्या थांबल्या. "नष्ट? का?" मी म्हटलं, तुमच्या सुरक्षिततेसाठी. त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षांत एक कागद टाकला नाही, आणि तू माझ्या सुरक्षिततेसाठी टाकणार." सही केली. मग कपाटाचा एक खण उघडून दाखवला. त्यात भेटकार्डंच भेटकार्डं. कॅनडा, जर्मनी, कोरिया, साओ पाउलो. "तू कितवी, ते मोजायचं मी सोडून दिलंय. येतात, विचारतात, जातात. परत कुणी काही पाठवत नाही." मी माझं कार्ड दिलं नाही. लाज वाटली.

माझी प्रश्नावली बावीस प्रश्नांची होती आणि जवळजवळ सगळे प्रश्न सभेबद्दल. सभेत निर्णय कसा होतो? तुम्हाला बोलायला किती वेळ मिळायचा? बाईंनी पाचेक मिनिटं उत्तरं दिली आणि त्यांना कंटाळा आल्याचं स्पष्ट दिसलं. उठल्या, पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला. आत चोपड्या.

दरवर्षी अंदाजपत्रक ठरलं, की शहर एक छोटी पुस्तिका छापायचं. कुठल्या विभागात कुठलं काम, किती रक्कम, कामाचा क्रमांक. ती सभेला आलेल्यांना वाटायचे. बाईंकडे जवळजवळ सगळ्या वर्षांच्या होत्या. प्रत्येक पानावर शिसपेन्सिलीच्या खुणा. झालेल्या कामापुढे बरोबरची खूण. अर्धवट कामापुढे अर्धा गोल. आणि न झालेल्यापुढे एकच शब्द, 'कोब्रार'.

शब्दकोशात कोब्रार म्हणजे पैसे वसूल करणं. पण त्या वस्तीत तो शब्द कबूल केलेल्या कामासाठी वापरतात. महापौरांना कोब्रार करायचं, खात्याच्या साहेबाला कोब्रार करायचं. मी वहीत त्याचं मराठी 'पाठपुरावा' असं लिहिलं, मग खोडलं. पाठपुरावा शासकीय पत्रात असतो. हा शब्द उधारी मागायला दारात येणाऱ्या दुकानदाराचा होता. तगादा.

तिथून पुढे माझे बावीस प्रश्न पिशवीतच राहिले. आम्ही चोपड्या वाचायला लागलो, आणि त्या वाचताना यंत्रणा जशी कळली तशी कुठल्या लेखातून कळली नव्हती. सभेला दहा माणसं आली की एक प्रतिनिधी. म्हणजे गल्लीतली माणसं गोळा करून नेणं यालाच किंमत. विभागाने आपले अग्रक्रम ठरवायचे: फरसबंदी, गटार, घरं, शाळा. मग शहराचे पैसे विभागांत वाटताना तीन गोष्टी मोजायच्या. लोकसंख्या किती, त्या सोयीची कमतरता किती, आणि विभागाने ती कितव्या क्रमांकावर मागितली. लोकसंख्येला सर्वांत कमी वजन. म्हणजे मोठी वस्ती आहे म्हणून जास्त निधी, असं नाही. प्रत्येक विभागाचे दोन सदस्य शहराच्या परिषदेवर, आणि सरकारचे अधिकारी त्या परिषदेत बसतात, पण त्यांना मत नाही. हे शेवटचं मी बाईंना दोनदा विचारून घेतलं.

"मत द्यायच्या आधी बसने सगळ्या वस्त्या बघायला जायचो," त्या म्हणाल्या. "आमची गल्ली मातीची, मी फरसबंदीसाठी भांडायला निघालेली. पलीकडच्या वस्तीत गेलो, तर मुलं सांडपाण्यातून उड्या मारत शाळेला चाललेली. काय करणार? त्या वर्षी मी गटाराला मत दिलं." थोडं थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी त्यांनी आम्हाला द्यायला हवं होतं. दिलं नाही." त्या चोपडीतही शेजारी लिहिलेलं होतं: कोब्रार. शेजारच्या वस्तीच्या नावे.

त्यांनी सांगितलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट १९९० ची. बँकेतले कर्मचारी आणि संघटनेचे पुढारी ओलिव्हिओ दुत्रा १९८९ च्या जानेवारीत महापौर झाले. वस्त्यांच्या संघटनांचा महासंघ १९८३ पासून होताच आणि अंदाजपत्रकात वाटा मागतच होता. पहिल्या वर्षी सभा भरल्या, लोकांनी मागण्यांचा ढीग घातला. पण तिजोरीतला जवळजवळ सगळा पैसा पगारातच जात होता, कामं झालीच नाहीत. दुसऱ्या वर्षी साऱ्या शहरात मिळून हजारभरही माणसं आली नाहीत. पुस्तकांत हा आकडा मी वाचला होता आणि 'प्रारंभिक अडचणी' अशा मथळ्याखाली टाकून पुढे गेले होते. बाई म्हणाल्या, "मी त्या हजारातली. बाकीचे घरी बसले ते शहाणे होते. काम न करणाऱ्याच्या दारात कोण जातं?" मग घरपट्टी सुधारली, श्रीमंत भागांना जास्त लावली, हातात पैसा आला, डांबर पडलं, आणि माणसं परत आली. माझ्या डोक्यातला क्रम उलटा होता. आधी लोक येतात, मग कामं होतात, असा. आमच्या मारुतीच्या देवळापुढची रिकामी सतरंजी आठवली आणि पहिल्यांदाच वाटलं, की गाव आळशी नव्हतं, हिशोबी होतं.

जागतिक बँकेच्या कागदपत्रांत या शहराचा एक आकडा नेहमी येतो: पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेली घरं १९८८ मध्ये ७५ टक्के, १९९७ मध्ये ९८ टक्के. मी तो कौतुकाने वाचून दाखवला. "उरलेली दोन टक्के," बाई म्हणाल्या, "ही गल्ली."

मे महिन्याच्या शेवटी देशभर ट्रकचालकांचा संप झाला, दहा दिवस. पेट्रोलपंपांवर रांगा, भाजी महागली, बसफेऱ्या कमी झाल्या. मी बाईंकडे गेलेली तिथेच अडकले, दोन रात्री राहिले. त्या दोन दिवसांत आम्ही सगळ्या चोपड्यांच्या पानांचे फोटो काढले, आणि मी त्यांच्या विभागाची प्रत्येक मागणी एका तक्त्यात भरली. मसूर-भात वाटावा असा घेवड्याचा रस्सा खात, शिवणयंत्राच्या टेबलावर. शिवाय मी ब्राझीलच्या माहिती कायद्याखाली रखडलेल्या कामांची यादी मागितली होती. त्यांचा कायदा २०११ चा. आपल्याकडे महाराष्ट्राचा २००२ चा आणि देशाचा २००५ चा, हे मी बाईंना जरा मिजाशीतच सांगितलं. "मग तुमच्याकडे सगळी कामं होत असतील," त्या म्हणाल्या. टोमणा होता की प्रश्न, पोर्तुगीज तितकं येत नव्हतं.

यादी मुदतीत आली. आता चोपड्या आणि यादी यांचा ताळा जमवायचा होता, आणि तो जमेना. आठवडाभर मला वाटत होतं, आपलंच काहीतरी चुकतंय. मग लक्षात आलं. एकच गटार तीन क्रमांकांनी जगत होतं. एका वर्षी मागितलं, झालं नाही, म्हणून दोन वर्षांनी नव्या क्रमांकाने परत मागितलं, पुढे ते शेजारच्या रस्त्याच्या कामात जोडलं गेलं आणि तिसरा क्रमांक मिळाला. यादीत ते एक रखडलेलं काम. बाईंच्या हिशोबात तीन मोडलेली वचनं. 'आधीच्या इतक्या मागण्या बाकी आहेत' हे वाक्य ज्याच्या तोंडी असेल, त्याप्रमाणे इतक्याचा आकडा बदलणार. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात लांब प्रकरण यातून निघालं. त्यात एकही सभा नाही.

विभागांच्या सभा बंद होत्या, पण शहराची परिषद दर आठवड्याला बसायची. मी जायला लागले. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॉफीचा थर्मास, वीसेक माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. पहिल्या दोन बैठका इतक्या रटाळ झाल्या, की मी वहीच्या कडेला नक्षी काढत बसले. नव्या मागण्या नाहीत, मतदान नाही. एक गृहस्थ उभे राहायचे आणि एकाच नाल्याबद्दल विचारायचे. अधिकारी म्हणायचा, कळवतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच गृहस्थ, तोच नाला. सहाव्या आठवड्याला अधिकारी त्यांना उठताना बघूनच फाईल उघडू लागला. तेव्हा मी नक्षी थांबवली.

हे सगळं गोड नव्हतं. तेच ते चेहरे वर्षानुवर्षं परिषदेत दिसतात, ही टीका खरी आहे. मी स्वतः पाहिलं. तरुण माणूस शोधून सापडत नव्हता. आणि आमच्या बाई काही संत नाहीत. दुसऱ्यांचं बोलणं तोडायच्या, आणि एकदा मुदतीची माहिती पलीकडच्या वस्तीला मुद्दाम उशिरा दिल्याचं त्यांनी हसत कबूल केलं. १९९० च्या दशकातल्या फरसबंदीचा राग होता तो.

एका बैठकीनंतर कॉफी पिताना कुणीतरी विचारलं, तू भारतात कुठली? मुंबईजवळची, म्हटलं, सोलापूर समजावण्यापेक्षा ते सोपं. एक आजोबा खूश झाले. जागतिक सामाजिक मंच २००१ मध्ये त्यांच्या शहरात पहिल्यांदा भरला आणि २००४ मध्ये मुंबईला, गोरेगावात. "आमचा पाहुणा तुमच्याकडे आला होता," म्हणाले. मी त्यांना मेंढ्याबद्दल सांगितलं. 'मुंबई-दिल्लीत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा भाषांतर करून सांगितली. ती त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली. तिथे मतदान होत नाही, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत चर्चा चालते, हे सांगितल्यावर मात्र शांतता पसरली. "सगळ्यांचं?" एकाने विचारलं. "मग ते फुटबॉल कधी बघतात?" विश्वचषक सुरू होता. बेल्जियमने अजून त्यांना हरवायचं होतं.

परतल्यावर प्रबंध लिहायला दीड वर्ष गेलं. तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी अपेक्षित प्रश्न विचारलाच: "एकही विभागीय सभा न पाहता सहभागावर प्रबंध?" मी गुरवाची गोष्ट सांगितली नाही. तीन क्रमांकांच्या गटाराची सांगितली.

त्या आधी एका उन्हाळ्यात गावी गेले, तेव्हा ग्रामसभेची इतिवृत्ताची वही बघायला मागितली. अर्ज द्या म्हणाले, दिला. दोन खेपा घातल्या, मिळाली. पंख्याखाली बसून वाचली. आईच्या सात सह्या सापडल्या. घरी येऊन तिला एकेक ठराव वाचून दाखवला, तिने कशाकशाला संमती दिली होती ते. शाळेची भिंत, दिवाबत्ती, आमच्याच गल्लीतली गटार. गटारीला तिने मला थांबवलं. "ती कुठं झाली?" मग बराच वेळ भांडी घासत होती. "साल कोणतं म्हणालीस?"

बाईंना मी २०१९ मध्ये त्यांच्या विभागाचा पूर्ण तक्ता आणि आठ पानी पोर्तुगीज सारांश पाठवला. त्यांच्या नातीने कळवलं, की आजीने तो बिस्किटाच्या डब्यात ठेवलाय, कार्डांच्या खणात नाही. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं. पाच वर्षं झाली, तेव्हा २०२३ मध्ये वचनाप्रमाणे सगळी ध्वनिमुद्रणं पुसली. चोपड्यांचे फोटो ठेवले. त्या छापील सार्वजनिक पुस्तिका होत्या, वचनात बसत नव्हत्या. आणि हात झाला नाही, हेही खरं.

मे २०२४ मध्ये ग्वायबाचं पाणी पाच मीटरच्या वर गेलं. १९४१ च्या महापुराची खूण ४.७६ मीटर होती, त्यावर शहर ८३ वर्षं गोष्टी सांगत होतं. मंडई पाण्यात, विमानतळ पाण्यात, सारांदीत बांधावरून पाणी आत आलं. मी नातीला रोज निरोप पाठवत होते. पाचव्या दिवशी उत्तर आलं: आजी सुखरूप आहे, एका शाळेत आहे, शिवणयंत्र गेलं, डबा गेला.

मी रात्री बसून सगळे फोटो वर्षांनुसार लावले आणि पाठवून दिले. सोबत तक्ता. पूर ओसरल्यावर घरं धुणाऱ्या माणसांना जुन्या चोपड्यांचं काय, असं मला मधूनच वाटत होतं, म्हणून काही लिहिलं नाही.

तीन आठवड्यांनी बाईंचा आवाज आला, ध्वनिसंदेशातून. मागे कुठेतरी पंप चालू होता, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. सगळं मिळालं. नातीने दुकानात छापून आणलंय. पण २००६ च्या चोपडीत, जिथे आमच्या नाल्याचं काम आहे, ते पान धूसर आलंय, क्रमांक वाचता येत नाही. तो क्रमांक मला गुरुवारच्या आत हवाय. फोटो नीट काढला नव्हतास का? दुसरा असेल तर पाठव. नसेल तर तुझ्या तक्त्यात बघ.

मग थोडं थांबून, हळू आवाजात: "बुधवारी परत विचारते."